वाट पाहण्याचें वाङ्मय

मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय निघाला म्हणजे आमच्याकडील सुशिक्षित गृहस्थ बहुधा दोन गोष्टी सांगतो. पहिली ही कीं, फादर स्टीफन्स नांवाच्या एका इंग्रज जेझुइटानें ‘ख्रिस्तपुराणां’त मराठी भाषेची मोठी सुंदर स्तुति केली आहे, आणि दुसरी ही कीं, रेव्हरंड नारायण वामन टिळक हे फुलांमुलांचे कवि होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्यांवरून असें दिसतें कीं, या ग्रंथकारांनीं जें सांगण्यासाठीं लेखणी उचलली तें बाजूस ठेवून, वाटेनें जातां जातां त्यांनीं जें बोलून दाखविलें तेवढेंच आम्हीं पदरांत बांधलें. स्तुतीच्या चार ओव्या तोंडपाठ असाव्या आणि उरलेल्या दहा हजारांवर ओव्यांचें पान उलटूंहि नये, हें रसिकतेचें लक्षण नव्हे. हें वाङ्मय ज्या एका भावनेवर उभें आहे तिच्या दृष्टीनें तें वाचून पाहावें, अशी आमची इच्छा आहे. ती भावना म्हणजे आशा. आणि ख्रिस्ती वर्षांत तिच्यासाठीं एक स्वतंत्र काळच राखून ठेविलेला आहे.

नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ. मराठी कॅथलिक त्यास आगमनकाळ म्हणतात, आणि ख्रिस्ती उपासनेचें वर्ष येथूनच सुरू होतें. बाहेरून पाहणाऱ्यास तो केवळ सणाच्या तयारीचा महिना वाटतो. परंतु रोमन उपासनेंत त्याच्या पहिल्या रविवारीं जें शुभवर्तमान वाचलें जातें तें गोठ्यांतल्या बाळाचें नसून युगान्तीं परत येणाऱ्या प्रभूचें असतें. दोन आगमनांची सांगड येथें घातलेली आहे. एक होऊन गेलें, दुसरें व्हावयाचें आहे; आणि या दोहोंच्या मधल्या जागेंत मनुष्य उभा आहे. पापाचा पराभव क्रुसावर झाला असें त्याची श्रद्धा सांगते, आणि पाप तर घरांत, पेठेंत, राजसभेंत आणि स्वतःच्या मनांत रोज दिसतें. जो विजय झाला आहे आणि तरी पुरा झालेला नाहीं, त्यावर भरंवसा ठेवून दिवस कसे काढावे, हा या काळाचा खरा प्रश्न आहे. तो ख्रिस्ती मनुष्यापुरताच आहे असें आम्हांस वाटत नाहीं. चांगल्याचा शेवटीं जय होईल असें मानून जो कोणी वाईटाशीं झगडतो, त्यास तो कधींना कधीं पडतोच.

हा प्रश्न मराठी मनास अगदीं परका आहे काय? आम्ही हें ज्या सावर्ड्यास बसून लिहीत आहों, तें गांव चिपळुणाहून संगमेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. या बाजूच्या कोणत्याहि गांवीं शिमग्यांत ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. ती येण्याच्या दिवशीं पहांटेपासून अंगण सारवलें जातें, दारांत रांगोळी पडते, ओटीचें सामान सुपांत काढून ठेविलें जातें, मुंबईस गेलेला चाकरमानी रजा काढून घरीं आलेला असतो. आणि ढोलाचा आवाज वाडीच्या वळणावर ऐकूं येईपर्यंत कोणाचें कामांत लक्ष लागत नाहीं. देव आपल्या दारीं येणार, म्हणून दार झाडून ठेवावें, ही गोष्ट कोंकणी मनुष्यास कोणी शिकवावयास नको. भेद इतकाच कीं, पालखी पुढच्या वर्षीं पुन्हा येते. तिची वाट पाहणें ऋतूसारखें फिरून फिरून येतें. त्यास शेवट नाहीं आणि तो कोणास नकोहि असतो. आगमनकाळाची वाट एकाच दिशेनें जाते. जो येईल तो शेवटचें येईल, आणि त्यानंतर वाट पाहणेंच उरणार नाहीं.

आमच्या संतवाङ्मयाकडे पाहावें तर तेथें आणखी निराळा देखावा दिसतो. पंढरपुरास देवच वाट पाहत उभा आहे. पुंडलिकानें वीट भिरकावली आणि अठ्ठावीस युगें झालीं तरी देव तेथून हलला नाहीं, ही कल्पना इतकी गोड आहे कीं, तिच्यापुढें मनुष्याच्या प्रतीक्षेस फारसें काम उरत नाहीं. भक्तानें चालावें, पोंचावें आणि भेटावें. संतांच्या वाणींत विरह आहे, तळमळ आहे, माहेराची ओढ आहे. पण ती एका जिवाची ओढ आहे आणि तिची तृप्ति आजच्या आषाढींतहि होऊं शकते. सगळ्या जगानें मिळून एखाद्या दिवसाची वाट पाहावी, अशी भावना तेथें क्वचितच भेटते. दशावतारांत कल्कि यावयाचा शिल्लक आहे खरा. परंतु त्याच्यासाठीं कोणी दिंडी काढली नाहीं कीं अभंगाची गाथा रचली नाहीं. तेव्हां ज्या कवींनीं ही इतिहासाच्या अंगानें जाणारी आशा मराठींत आणण्याचें मनांत घेतलें, त्यांना भाषा तयार मिळाली तरी भावना तयार मिळाली नव्हती. ती त्यांनीं कशी घडविली, हें पाहण्यासारखें आहे.

फादर टॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला आणि जवळजवळ चाळीस वर्षें साष्टी भागांत राहून १६१९ सालीं तेथेंच वारला. त्याचा ग्रंथ १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापला गेला. आज आपण त्यास ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतों. पण मूळ पोर्तुगीज मथळ्याचा अर्थ आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगांत येण्याविषयींचें विवेचन, असा आहे. म्हणजे ग्रंथाचा विषयच आगमन हा होय. त्याचे दोन भाग. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, दुसऱ्याचे ५९. ख्रिस्ताचा जन्म आणि चरित्र दुसऱ्या पुराणांत येतें. पहिलें सगळें पुराण त्याच्या पूर्वीच्या काळाचें आहे. सृष्टीची उत्पत्ति, आदिपुरुषाचें पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद, बाबिलोनचा बंदिवास आणि भविष्यवाद्यांचीं वचनें अशा क्रमानें कथा चालते.

या रचनेवर कित्येक वाचक कंटाळतात आणि थेट दुसऱ्या पुराणाकडे वळतात, असा आमचा अनुभव आहे. त्यांनीं काव्याचा गाभाच गमावला असें आम्ही म्हणूं. छत्तीस अध्याय ज्यानें ऐकलें आहे, वचन मिळालें, वचन मोडलें, पुन्हा मिळालें, राज्य आलें आणि गेलें, मंदिर उभें राहिलें आणि पडलें, हें ज्यानें पिढ्यांमागून पिढ्या श्रोता म्हणून भोगलें आहे, त्यासच बेथलेहेमच्या रात्रीं हायसें वाटतें. स्टीफन्सनें ‘ते वाट पाहत होते’ असें एका ओवींत सांगून काम भागविलें नाहीं. त्यानें श्रोत्यास स्वतः वाट पाहावयास लाविलें. आणि यासाठीं ओवीसारखें दुसरें साधन नव्हतें. ओवीस कोठेंहि थांबण्याची घाई नसते. जात्यावर बसलेल्या बाईच्या गळ्यांत ती जितकी लांबते तितकीच पुराणिकाच्या मुखांत. परक्या देशांतून आलेल्या या माणसास आमच्या छंदाचा स्वभाव बरोबर कळला होता. वैकुंठ हा शब्दहि त्यानें संकोचावांचून घेतला. श्रोत्याच्या ओळखीच्या घरांतच नवा पाहुणा येणार होता.

परंतु येथें टीकाकारास दुसरी बाजू झांकतां येत नाहीं. ग्रंथाच्या आरंभींच एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीस म्हणतो, तुम्हीं आमचीं जुनीं पुराणें बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं द्या. ही मागणी कवीनें सहज नोंदिली आहे. पण तिच्या पाठीमागें केवढा इतिहास उभा आहे! गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशन आलें. १५६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गांवच्या पुढाऱ्यांना बोलावून दग्यानें ठार करण्यांत आलें. हें सर्व स्टीफन्सच्या डोळ्यांपुढचें किंवा त्याच्या येण्याच्या थोडें आधींचें. त्याहून विलक्षण हें कीं, त्याचा स्वतःचा कॅथलिक पंथ त्याच्या मायदेशीं राणी एलिझाबेथच्या अमलांत दडपला जात होता, आणि त्याचा जिवलग मित्र टॉमस पाउंड धर्मासाठींच वर्षानुवर्षें तुरुंगांत खितपत होता. ज्यास स्वदेशीं दडपणुकीचा अर्थ कळला होता, त्यास साष्टींतील दडपणूक कां दिसली नसावी?

हा प्रश्न विचारण्यांत कवीवर आज खटला भरण्याचा हेतु नाहीं. काव्याच्या आंतूनच तो उठतो. पहिलें पुराण पुनःपुन्हा सांगतें कीं, देवाच्या निवडलेल्या लोकांनींच पाप केलें, त्यांच्या राजांनीं केलें, त्यांच्या याजकांनीं केलें. म्हणून तर तारणाऱ्याची वाट पाहावी लागली. ज्याची श्रद्धा विजय अजून पुरा झालेला नाहीं असें सांगते, त्यानें आपल्या बाजूच्या तरवारीस देवाचा विजय समजूं नये, हा त्या कथेचा साधा बोध आहे. पोर्तुगालच्या राजाचा अंमल हें येणारें राज्य नव्हे, असें म्हणण्याचें धैर्य त्या काळाच्या पाद्रीजवळ नव्हतें. कथेंत जें सत्य आहे तें कथेकऱ्यापेक्षां मोठें ठरलें. पुढें १६८४ सालीं त्याच सरकारनें लोकांच्या देशी भाषेवरहि बंदीचा हुकूम काढला. ग्रंथाच्या जुन्या छापील प्रती नाहींशा झाल्या. उरलीं तीं हस्तलिखितें आणि लोकांचें पाठांतर. टिपूच्या कैदेंत १७८४ पासून पडलेल्या मंगळूरकडील ख्रिस्त्यांनीं हें पुराण गाऊन धीर धरला, अशी त्या बाजूची परंपरा आहे. राज्यकर्त्यांच्या छत्राखालीं जन्मलेलें काव्य बंदिवानांच्या मुखांत गेलें, आणि बाबिलोनच्या बंदिवासाचे अध्याय तेथें प्रथमच आपल्या खऱ्या श्रोत्यांना भेटले असावेत. १९०७ सालीं सालढाणा यांनीं मंगळुरास आवृत्ति काढली, १९५६ सालीं बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली. तेव्हांपासून न वाचण्यास कोणास सबब उरलेली नाहीं.

स्टीफन्सपासून टिळकांपर्यंत यावयाचें तर जवळजवळ तीनशें वर्षें ओलांडावीं लागतात. मात्र स्थळानें आपण पुन्हा याच रत्नागिरी जिल्ह्यांत येतों. करजगांवीं जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यांनीं ख्रिस्तास गांठलें तें परक्यांच्या पुलावरून नव्हे. तुकोबांच्या वाटेनेंच आपण त्याच्यापाशीं आलों, असें ते उघड सांगत. त्यांच्या ‘अभंगांजलीं’त हें अक्षरोअक्षर दिसतें. ख्रिस्त तेथें माउली आहे, सद्गुरु आहे, सखा आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांस परदेशी चालीवरच्या भाषान्तरित गीतांतून सोडवून आपल्या आवाजांत गाण्यास लाविलें, हें टिळकांचें ऋण फेडतां येण्याजोगें नाहीं.

तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांच्या अभंगांत एक उणीव आहे. अभंग हा भेटीचा छंद आहे. चार चरणांत तो तळमळ मांडतो आणि शेवटीं कवीचें नांव येतें न येतें तों तिचें समाधान होऊन गेलेलें असतें. टिळकांचा ख्रिस्त इतका जवळ आहे कीं, त्याच्या येण्याची वाट पाहण्याचें कारणच वाचकास जाणवत नाहीं. पापाची कबुली आहे, पण ती आईच्या कुशींत तोंड लपविणाऱ्या मुलाची. त्या कुशीबाहेर जग तसेंच राहतें. पंढरीच्या वाटेनें आलेल्या कवीनें पंढरीची तृप्तीहि बरोबर आणली, यांत नवल नाहीं. वाङ्मय म्हणून ती रमणीय आहे. आशा म्हणून ती अपुरी आहे.

टिळकांच्या कवित्वास ही उणीव कळली नसली तरी त्यांच्या आयुष्यास ती कळली होती, असें आम्हांस वाटतें. १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून त्यांनीं सातारा येथें ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यांत समान स्थान होतें. होणाऱ्या राज्याचा नमुना आजच अंगणांत उभा करण्याचा तो यत्न होता. १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले. ‘ख्रिस्तायन’ हें मोठें कथाकाव्यहि त्यांनीं आरंभिलें होतें; त्याचे आरंभीचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. दरबारहि अपुरा, काव्यहि अपुरें. ज्यास अभंगांत नित्य भेट घडत होती, त्याच्या हातून अखेरीस दोन अपुरीं कामें मागें राहिलीं, आणि त्यांतच त्याची आशा त्याच्या अभंगांपेक्षां अधिक स्पष्ट वाचतां येते.

‘ख्रिस्तायन’ पुढें नेलें तें लक्ष्मीबाईंनीं. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईनें साठांहून अधिक अध्याय रचले. ग्रंथ बाहेर पडला तो १९३८ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं. काव्य या नात्यानें ते अध्याय साधे आहेत आणि त्यांची भलती स्तुति करण्याचें कारण नाहीं. पण ‘स्मृतिचित्रें’ हा त्यांचा दुसरा ग्रंथ जेव्हां आम्ही या दृष्टीनें उघडतों, तेव्हां एक अनपेक्षित गोष्ट हातीं लागते. मराठींतील आगमनकाळाचें सर्वांत खरें पुस्तक हेंच आहे, असें आमचें मत झालें आहे. आणि त्यांत आगमनकाळावर प्रवचन म्हणून कांहींच नाहीं.

ग्रंथाच्या आरंभीं वडिलांचें सोंवळें आहे. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत येऊं न देणारा तो मनुष्य, आणि त्याच्या विटाळाच्या भीतीखालीं दबलेलें सगळें घर. पाण्यानें धुऊन पाप जाईल या समजुतीवर माणसें किती कष्ट करतात, हें लक्ष्मीबाई हंसत हंसत सांगतात. नंतर पति ख्रिस्ती होतो, संसार मोडतो, आणि त्या माहेरच्या माणसांच्या आधारानें वर्षें काढतात. पुन्हा पतीकडे आल्यावरहि त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळें. धर्म बदलला नाहीं तोंवर सोंवळें राखलेंच पाहिजे, ही त्यांची सचोटी. शेवटीं विचार करतां करतां एके दिवशीं जातिभेद देवानें केलेला नाहीं, माणसानें केला आहे, हें त्यांस लख्ख दिसतें, आणि लहानपणापासून अंगांत मुरलेला विटाळ गळून पडतो. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण हा विजय त्याच्या आधींचा, आणि तो एकटीच्या मनांत, कोणी पाद्री समोर नसतांना झालेला.

पापावरचा विजय म्हणजे काय, हें याहून स्पष्ट मराठींत कोणी लिहिलें आहे काय? स्टीफन्सच्या काव्यांत पाप आदामाचें आहे, टिळकांच्या अभंगांत तें माझें आहे; लक्ष्मीबाईंच्या ग्रंथांत तें घागरीवर आणि चुलीपाशीं बसलेलें आहे. तें एका दिवशीं निघून जातें, पण त्याच्यामागें पांच वर्षांचें थांबणें आहे. आणि निघून गेल्यावरहि ग्रंथ संपत नाहीं. दुष्काळांतलीं मुलें घरांत येतात, पतीचा चक्रमपणा तसाच राहतो, हातचा पैसा तसाच उडून जातो, भांडणें होतात. बाप्तिस्म्यानें संसार सुधारला असें खोटें चित्र त्यांनीं कोठेंहि रंगविलें नाहीं. लढाई जिंकल्यावर घर झाडावेंच लागतें, तशी ही बाई झाडीत राहते.

आमचें विशेष लक्ष वेधतो तो त्यांचा विनोद. पुष्कळांनीं त्यास स्वभावाचा गुण म्हणून वाखाणलें आहे. आम्हांस त्यांत श्रद्धेचा अंश दिसतो. ज्याची हार-जीत अजून टांगलेली आहे असा मनुष्य स्वतःच्या चुकांस हंसूं शकत नाहीं. तो एकतर रडतो किंवा त्या झांकतो. शेवट चांगला आहे अशी ज्याची खात्री झाली आहे, त्यासच मधल्या फजितीची गोष्ट मोकळ्या मनानें सांगतां येते. धार्मिक आत्मचरित्रांत जो रडवेपणा आणि जो आढ्यतेचा सूर बहुधा आढळतो, त्या दोहोंपासून ‘स्मृतिचित्रें’ सुटलीं तीं यामुळेंच.

कोणी म्हणेल कीं, ही आशा जर अशीच रोजच्या कामांत विरघळून गेली, तर शेवटच्या विजयाची गोष्ट हवीच कशाला? माणसानें चांगलें वागावें, म्हणजे झालें. या आक्षेपांत तथ्य आहे, पण तो पुरता खरा नाहीं. चांगलें वागण्याचा उत्साह कांहीं दिवसांनीं ओसरतो, कारण वाईट हटत नाहीं. भातांतलें तण काढलें तरी पुढल्या पावसांत तें पुन्हा उगवतें, हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. तरी तो बेणणी सोडीत नाहीं, कारण कापणी येणार आहे याविषयीं त्यास शंका नसते. कापणीवरचा विश्वास काढून घ्या आणि पाहा, किती हात चिखलांत टिकतात. उलट, कापणी येणारच म्हणून बांधावर बसून राहणाराहि फसतो. आगमनकाळाची शिकवण या दोन्ही चुकांच्या मधून जाते, आणि म्हणून ती पाळण्यास अवघड आहे. साष्टींतील राज्यकर्त्यांनीं कापणी आपल्याच कोयत्यानें उरकूं पाहिली. त्याचे व्रण गोव्याच्या इतिहासांत आहेत.

अलीकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं २०१० सालीं ‘सुबोध बायबल’ काढून मराठी वाचकास हा सर्व मूळ कथाभाग सोप्या गद्यांत दिला, आणि २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळून या परंपरेचा मानहि झाला. २०२४ सालीं ते वारले. मान झाला, आतां वाचन व्हावें. तीं पुस्तकें ख्रिस्त्यांचीं म्हणून ख्रिस्त्यांनींच वाचावींत, असा जो एक अबोल संकेत आमच्या घरांतून रूढ आहे, तो सोडण्यास यंदाचा डिसेंबर कांहीं वाईट नाहीं. ज्यांस वेळ आहे त्यांनीं पहिलें पुराण पहिल्या ओवीपासून, उडी न मारतां वाचावें. ज्यांस तितकी सवड नाहीं, त्यांनीं निदान ‘स्मृतिचित्रें’ घरांत मोठ्यानें वाचावींत. लहान मुलें हंसतील. मोठ्यांस मध्येंच वाचन थांबवावें लागेल. आणि आपल्या स्वयंपाकघरांतली कोणती घागर अजून वेगळी ठेविलेली आहे, हें ज्याचें त्यास आठवेल.